सुतातलं पाणी : कोरड्या मुलखात धागा ओला ठेवण्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण नहर-ए-अंबरीबद्दल बोललो होतो. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात खेळवलं, आणि पुढे त्याच धर्तीवर पाणचक्कीची नहर आली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, या पाण्यावर इथे धान्य दळलं, बागा भिजवल्या, हौद भरले. कारखान्याच्या कामाला ते कधी आलं का?" तेव्हा आम्ही सरळ उत्तर दिलं नव्हतं. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नाचं, जरा आडवळणाने दिलेलं उत्तर आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल: गुंडाळलेल्या सुताला ओल देण्याची साधनं. कोनावर, बॉबिनवर गुंडाळलेलं सूत विकण्याआधी किंवा विणण्याआधी थोडं ओलसर करायचं, एवढाच. पण या एवढ्याशा पाण्यावरून विलायतेत कायदा झाला, आपल्याकडे सरकारी चौकशी झाली, आणि तुमच्या घरातल्या एसीला त्याचं नावही इथूनच मिळालं. तिकडे वळूच.

आधी कापसाचा स्वभाव समजून घेऊ. कापसाचा तंतू हवेतलं पाणी पितो आणि हवेलाच परत देतो. पावसाळ्यात तो जड असतो, एप्रिलमध्ये हलका. हाताला मात्र दोन्ही वेळी कोरडाच लागतो, आणि खरी गंमत तिथे आहे. अगदी भट्टीत सुकवलेला 100 किलो कापूस घ्या. व्यापारात असं धरतात की तो हवेतून साडेआठ किलो पाणी परत घेतो, म्हणजे त्याचं वजन 108.5 किलो भरतं. रेशमासाठी हा आकडा 11 आहे, तागासाठी 13.75, आणि पॉलिस्टरसाठी फक्त 0.4. पॉलिस्टरचा शर्ट उन्हाळ्यात अंगाला का चिकटतो, याचं निम्मं उत्तर इथेच सापडतं.

दुसरी गोष्ट. कापसाचा धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो. पूर्ण भिजवला तर साधारण 10 ते 20 टक्क्यांनी. रेयॉनचं अगदी उलट, तो ओला झाला की कमजोर पडतो. कोरडा सुती धागा ठिसूळ होतो, त्याची कुसळं उभी राहतात, घर्षणाने त्यात स्थिर वीज साठते, जास्त पीळ दिलेला असेल तर तो सैल सुटताच स्वतःभोवती वेटोळे घालतो. मागावर असा धागा तुटतो. आणि मागावर धागा तुटला की माग थांबतो, विणकराची मजुरी थांबते.

आता आपल्या शहराची हवा आठवा. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला आणि हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर आलेली. अशा हवेत कापसात जेमतेम तीन-चार टक्के पाणी उरतं. कापूस पिकवायला हा मुलूख उत्तम, पण कातायला आणि विणायला त्याची हवा सोयीची नाही. तरीही इथे शतकानुशतकं विणलं गेलं. हिमरू, मशरू, पैठणी. कसं?

काही वर्षांपूर्वी आम्ही हिमरूच्या एका जुन्या मागावर गेलो होतो. हिमरूत उभा धागा सुती असतो आणि आडव्यात रेशीम खेळवून नक्षी काढतात. माग खड्ड्याचा. विणणारे चाचा जमिनीच्या पातळीवर बसलेले, पाय खड्ड्यात, पावट्यांवर. दिवस मे महिन्याचे. आम्ही इतिहासवाल्यांच्या सवयीप्रमाणे विचारलं, की खड्ड्याचा माग ही परंपरा कुठून आली. चाचांनी मागाखाली बोट दाखवलं. खड्ड्याच्या तळाशी ओलं गोणपाट पसरलेलं होतं. म्हणाले, "परंपरा वगैरा आप देखो. ऊपर बैठूं तो तार टूटता है." उन्हाळ्यात ते सकाळी जमिनीवर पाणी शिंपडतात, खड्ड्यात गोणपाट ओलं ठेवतात, आणि दुपारी दोनच्या पुढे नाजूक काम हातात घेत नाहीत. म्हणजे उभ्या धाग्यांच्या अगदी खाली थंड, ओलसर हवेचा एक थर राहतो. खड्ड्याच्या मागाची कारणं आणखीही आहेत, लाकूड कमी लागतं, घराची उंची कमी चालते. पण कोरड्या मुलखात हे कारण नजरेआड करता येत नाही.

ही युक्ती काही आपल्याच गावची नाही. ढाक्याच्या मलमलीबद्दल जेम्स टेलर या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लिहून ठेवलं आहे, की अतितलम सूत कातणाऱ्या बायका पहाटे, गवतावरचं दव उडायच्या आत कातत. दव नसेल त्या दिवसांत पाण्याने भरलेल्या उथळ भांड्यावर धागा धरून कातत, म्हणजे वर येणारी वाफ त्याला लागे. आमच्या मते सुताला ओल देण्याचं हे सगळ्यात साधं यंत्र: एक परात आणि थोडं पाणी. ढाक्यासारख्या नद्यांच्या गावात जर परातीची गरज पडत होती, तर आपल्याकडच्या बायकांनी काय काय केलं असेल याची कल्पना करा. त्यांच्याबद्दल लिहायला कोणी टेलर बसलेला नव्हता.

हातमागावर हे सगळं एका माणसाच्या हातात होतं. तोच ओल ठरवायचा, तोच विणायचा, तोच त्या हवेत बसायचा. गिरणी आली आणि या तीन गोष्टी तीन वेगळ्या माणसांकडे गेल्या. पुढचा सगळा इतिहास या वाटणीचा आहे असं म्हटलं तरी चालेल.

आपल्या शहरात कापसाची कताई-विणाईची गिरणी उभी राहिली 1889 मध्ये. औरंगाबाद मिल्स. जुन्या गॅझेटियरमध्ये तिथे 700 माणसं कामाला असल्याची नोंद आहे. तेव्हा इथे रेल्वे नव्हती. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास आली. त्याआधी औरंगाबादला यायचं तर जीआयपी रेल्वेच्या नांदगाव स्टेशनावर उतरायचं आणि तिथून सुमारे 90 किलोमीटर टांग्याने किंवा बैलगाडीने. बॉयलर, साचे, शाफ्ट, पुल्या, हे सगळं त्याच रस्त्याने गाड्यांवरून आलं असणार. रेल्वे आल्यावर जालन्यात तर जिनिंगचा सुकाळच झाला: नऊ जिनिंग कारखाने आणि पाच प्रेस. पण त्या गाठी बहुतेक बाहेर जाणाऱ्या. सूत कातून कापड विणण्याचा मोठा उद्योग म्हणजे ही एकच गिरणी.

आता योगायोग बघा. ज्या 1889 साली इथे गिरणी उभी राहिली, त्याच वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटने एक कायदा केला, कॉटन क्लॉथ फॅक्टरीज अ‍ॅक्ट. विषय काय? विणाईच्या शेडमध्ये किती वाफ सोडावी.

लँकेशायरची हवा मुळातच ओली. कापड उद्योग तिथे बहरण्यामागे हे एक कारण मानतात. मग तिथे वाफ कशाला हवी? उत्तर आपल्यापर्यंत येऊन पोचतं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा लांब धाग्याचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरला हिंदुस्थानातला आखूड धाग्याचा कापूस वापरावा लागला. तो "सुरती" म्हणून ओळखला जायचा, पण त्यात वऱ्हाड-खानदेशचाही कापूस होता. तो तुटायचा फार. मग धाग्याला जाड खळ द्यायला लागले. खळीत चिनी माती घालायची, म्हणजे कापड जड भरतं. मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं, म्हणजे ते हवेतलं पाणी ओढून धरतं. ओलीमुळे बुरशी येते, म्हणून झिंक क्लोराइड घालायचं. आणि एवढी मातीची खळ कोरडी पडून झडू नये म्हणून शेडमध्ये थेट वाफ सोडायची. कायद्यापर्यंत गोष्ट गेली ती इथून. विणकर तक्रार करायला लागले, की दिवसभर कपडे ओले होतात आणि संध्याकाळी तसंच थंडीत घरी जावं लागतं. छातीचे आणि सांध्यांचे आजार जडतात. युद्ध संपलं, पण वाफ तशीच राहिली, कारण जड कापडात मालकाचा नफा होता. 1889 च्या कायद्याने किती तापमानाला किती ओल चालेल याचं कोष्टकच ठरवून दिलं. वाफ बंद करा, ही विणकरांची मागणी मात्र मान्य झाली नाही.

हा कायदा इथे लागू नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातले 1881 आणि 1891 चे फॅक्टरी कायदे मुलांच्या वयाबद्दल आणि कामाच्या तासांबद्दल बोलतात. आणि औरंगाबाद तर निजामाच्या राज्यात, तेव्हा तेही कायदे इथे सरळ चालत नव्हते. गिरणीत ओल किती असावी हे ठरवणारी माणसं म्हणजे खात्याचा मास्तर आणि मालक.

कोरड्या मुलखातल्या गिरणीचा सगळ्यात नीट नोंदलेला दाखला आपल्या राज्यातच आहे, नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस जवळ, कोळसा जवळ. मुंबईतल्या लोकांना हा वेडेपणा वाटला. जागा घेतली तीही जुम्मा तलावाजवळची दलदलीची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची, आणि तिच्यात भराव घालून गिरणी उभी केली. त्या जमिनीत पैसे ओतणं म्हणजे सोनं मातीत पुरणं, असं म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रांमधून येते. आम्हाला मात्र त्या दलदलीत शहाणपण दिसतं. बॉयलरला पाणी लागतं आणि कोरड्या हवेत धाग्यालाही लागतं. एम्प्रेस मिलमध्ये ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओली करणारी यंत्रं, आणि आगीसाठी पाण्याचे फवारे फार लवकर बसवले गेले. देशात या गोष्टी पहिल्यांदा तिथेच आल्या असं सांगितलं जातं. रिंग फ्रेमचा प्रयोगही तिथलाच. रिंग फ्रेमवर चाती जुन्या म्यूलपेक्षा वेगाने आणि सलग फिरते, धागा जास्त तापतो, तेव्हा ओलीची गरज आणखी वाढते. ही यंत्रं एकमेकांमागून येतात ती अशी.

इथे जरा थांबून एसीची गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कोणीतरी आठवण करून देईलच. गिरण्यांमध्ये सूत ओलसर करण्याला "कंडिशनिंग" म्हणायचे. हा शब्द रेशमातून आला. रेशीम पाणी फार पितं, त्यामुळे रेशमाच्या व्यापारात वजनाची भांडणं पाचवीला पुजलेली. 1805 मध्ये नेपोलियनच्या हुकमाने लिऑन शहरात रेशमातलं पाणी मोजणारी सरकारी कचेरी सुरू झाली. नमुना सुकवायचा, कोरडं वजन घ्यायचं, त्यात ठरलेले टक्के मिळवायचे आणि तेच वजन दोघांनी मान्य करायचं. पुढे ब्रॅडफर्डला लोकरीसाठी अशी संस्था आली. मालाची "कंडिशन" ठरवणं ते कंडिशनिंग. मग 1906 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टुअर्ट क्रेमर नावाच्या गिरणी-इंजिनियरने विचार केला, की सूत कंडिशन करतो तशी सगळी हवाच कंडिशन केली तर? त्याने त्याला नाव दिलं "एअर कंडिशनिंग". विलिस कॅरियरने ते उचललं आणि जगभर नेलं. तुमच्या बेडरूममधल्या यंत्राला नाव मिळालं ते सुताच्या कोनावरून. पुढच्या वेळी मेकॅनिक आला की त्याला सांगा. तो बिलात काही कमी करणार नाही, पण सांगा.

बरं, मुद्द्यावर येऊ. धाग्याला जी हवा मानवते ती माणसाला मानवत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. हवा आधीच ओलीने भरलेली असेल तर घाम वाळत नाही. उन्हाळ्यात, 38-40 अंशांच्या शेडमध्ये नळीतून थेट वाफ सोडली, की धागा तुटायचा थांबतो आणि साचेवाला बेजार होतो. आणि त्या काळी अनेक गिरण्यांत हेच होत होतं, कारण वाफ बॉयलरमधून फुकटासारखी मिळायची. अहमदाबादची हवाही आपल्यासारखीच कोरडी, तिथेही हाच प्रश्न होता. अखेर टी. मलोनी नावाच्या अधिकाऱ्याकडे चौकशी सोपवली गेली आणि 1923 मध्ये हिंदुस्थानातल्या कापड गिरण्यांतल्या ह्युमिडिफिकेशनवर त्याचा अहवाल आला. मलोनीची दिशा स्पष्ट होती: ओल द्यायची तर हवा थंड करत आणि खेळती ठेवत द्या, गरम वाफेने देऊ नका.

त्यातून पुढे नियम आले. 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमधलं कलम 15 हे कृत्रिम ह्युमिडिफिकेशनबद्दलच होतं. राज्यांच्या नियमांचा साचा सांगायचा, की खोलीतलं तापमान 85 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साडेएकोणतीस सेल्सिअसच्या वर असेल तर वाफेने ओल द्यायची नाही. कोरड्या आणि ओल्या पाऱ्याचे दोन तापमापक भिंतीवर लावायचे आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्यांची नोंद ठेवायची. साडेएकोणतीस अंश! आपल्याकडे वर्षातले किती महिने गिरणीची शेड त्याच्या खाली असते, तुम्हीच मोजा. म्हणजे आपल्या भागात तरी वाफ कायद्यानेच बाद झाली आणि थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा धुऊन आत सोडणारे प्लांट अपरिहार्य झाले.

त्याच कलमात एक ओळ होती, आणि मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. हवेत ओल सोडायला जे पाणी वापरायचं ते सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या पाण्याच्या दुसऱ्या एखाद्या स्रोताचं असलं पाहिजे, नाहीतर वापरण्याआधी नीट शुद्ध केलेलं. कारण साधं आहे. फवाऱ्यातलं पाणी कामगारांच्या छातीत जातं. म्हणजे कापसाच्या गिरणीला पिण्याजोगं पाणी लागतं. नहरींचं हे शहर विसाव्या शतकात वाढत गेलं तशा त्या नहरी अपुऱ्या पडल्या, आणि आज आपण नाथसागराच्या पाण्यावर आहोत. जायकवाडीचं भूमिपूजन 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं आणि 1976 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. त्या दोन तारखांच्या मध्ये, 1974 मध्ये, सरकारने आजारी कापड गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या यादीत औरंगाबाद मिल्सही होती. ती आजारी पडण्याचं कारण हवा किंवा पाणी होतं असं आम्ही म्हणणार नाही. तोवर देशभरच्या संयुक्त गिरण्या यंत्रमागांच्या स्पर्धेने आणि जुन्या यंत्रांनी खचल्या होत्या.

आता खुद्द त्या साधनाकडे येऊ, म्हणजे गुंडाळलेल्या सुताला ओल देणारं यंत्र. शेडमधली हवा ओली ठेवणं हा एक भाग झाला. पण वाइंडिंग खात्यात बॉबिनवरचं सूत मोठ्या वेगाने कोनावर गुंडाळलं जातं. मुंबईच्या गिरण्यांत हे खातं बायकांचं, त्याबद्दल आपण गिरणगावावरच्या व्याख्यानात बोललो होतो. गुंडाळताना सूत घासतं, तापतं आणि राहिलेली ओलही गमावतं. कोन तयार होतो तेव्हा त्यात साडेपाच-सहा टक्केच पाणी असतं. ते परत कसं भरायचं?

पहिला उपाय म्हणजे खोली. अंधारी, तळघरासारखी, फरशी सतत ओली, भिंतींना ओली गोणपाटं, आणि सूत त्यात दोन-दोन दिवस पडून. वेळ जातो, जागा अडते. आणि कोनाचं बाहेरचं सूत पाणी पितं, आतलं तसंच कोरडं राहतं. दुसरा उपाय, सरकत्या पट्ट्यावर बॉबिन ठेवून वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा. पाण्यात थोडं साबणासारखं द्रव्य, कारण कापसावर नैसर्गिक मेण असतं, त्यावरून पाणी घसरतं. काम लवकर होतं, पण डाग पडतात, गंज लागतो, बुरशी येते. तिसरा, बंद पेटीत गरम वाफ. पीळ जिरवायला ती चांगली, पण जास्त उष्णतेने सूत पिवळट होतं, आणि वाफ कोनाच्या आत शिरतच नाही, कारण आत हवा अडकलेली असते.

त्या अडकलेल्या हवेची अडचण सोडवली निर्वात पद्धतीने. स्वित्झर्लंडची झोरेला ही कंपनी या यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे, जर्मनीतही ती बनतात, आणि आपल्याकडच्या निर्यात करणाऱ्या सूतगिरण्यांमध्ये आज हीच पद्धत दिसते. आम्ही मराठवाड्यातल्या एका सूतगिरणीत असं यंत्र चालताना पाहिलं. रेल्वेच्या टँकरसारखी आडवी लोखंडी टाकी, एका टोकाला भलंमोठं गोल दार. कोनांचे थर रचलेल्या गाड्या आत ढकलतात, दार बंद करतात आणि पंपाने आतली हवा काढून घेतात. हवा गेली की कोनाच्या गाभ्यातलीही जाते. मग वाफ सोडतात, पण ती आपल्या चहाच्या आधणाची 100 अंशांची नव्हे. दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला उकळतं, महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. टाकीतला दाब इतका खाली आणलेला असतो की पाण्याची वाफ 55-60 अंशांनाच होते. ही कोमट वाफ रिकाम्या झालेल्या गाभ्यापर्यंत पोचते आणि तिथे सुतात मुरते. पुन्हा हवा काढायची, पुन्हा वाफ. तासाभराच्या आत काम होतं. दार उघडल्यावर आम्ही कोन हातात घेतला. कोमट होता, भाकरी झाकून ठेवलेल्या फडक्यासारखा. ओला मुळीच नव्हता. बाहेर काढल्यावर लगेच प्लास्टिकमध्ये बांधायचा, नाहीतर आपली एप्रिलची हवा दोन दिवसांत सगळं परत घेऊन जाईल.

तिथल्या सुपरवायझरना आम्ही विचारलं, याने धाग्याची मजबुती किती वाढते? ते हसले आणि वजनकाट्याकडे बघून म्हणाले, "ती वाढतेच हो. पण साहेब लोक आधी काटा बघतात."

काट्याचा हिशोब करून बघू. निर्यातीच्या सुताची पेटी ठरलेली: 1.89 किलोचे 24 कोन, एकूण 45.36 किलो, म्हणजे बरोबर 100 पौंड. गिरणीने कोरडं, सहा टक्क्यांचं सूत भरलं, तर गिऱ्हाइकाला त्याच वजनात कापूस जास्त जातो. साडेआठ टक्क्यांच्या मापाने बघितलं तर पेटीमागे एक किलोहून थोडं जास्त सूत फुकट गेलं. रोज 10 टन सूत काढणाऱ्या गिरणीला हे नुकसान रोज सुमारे 236 किलो पडतं. यंत्राची किंमत कशी निघते ते आता लक्षात आलं असेल. आणि यात गैर काही नाही. साडेआठ टक्के पाणी धरूनच सुताचा भाव ठरतो, ते सुताचं स्वाभाविक पाणी आहे. गैर सुरू होतं साडेआठच्या पुढे. ओल्या सुताची तक्रार यंत्रमागाच्या गावांत नवी नाही. पावसाळ्यात गोणी उघडली की कुबट वास, कोनाच्या आत काळे ठिपके, आणि चार दिवस ठेवून तोललं तर वजन कमी. छोट्या मागवाल्याकडे भट्टी नसते, प्रयोगशाळा नसते. लिऑनच्या रेशीमवाल्यांना 1805 मध्ये जी सोय होती, ती आज त्याच्या दाराशी नाही.

मग एक गोष्ट राहते, आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी शेतकरी घरांतले असणार. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापूस नेला की पहिल्यांदा काय होतं? ओलीचा मीटर घुसवतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावात कपात. 12 च्या वर गेला तर गाडी परत. दिवाळीच्या सुमाराला पहिली वेचणी येते तेव्हा पहाटे दव असतं, आणि परतीचा पाऊस झाला तर विचारूच नका. शेतकरी अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला कापूस पसरून वाळवत बसतो. त्याच कापसाची सरकी निघते, गाठ होते, सूत होतं, आणि शेवटी ते सूत टाकीत घालून त्यात पाणी भरतात आणि तोलून विकतात.

हे ऐकल्यावर राग येतो, आम्हालाही आला होता. पण हिशोब नीट करायला हवा. मीटरवरचे 8 टक्के हे ओल्या वजनातलं पाणी आहे. सुताचे साडेआठ हे कोरड्या वजनावर मोजलेले आहेत. साडेआठाचे ओल्या वजनावर मोजले तर 7.83 होतात. म्हणजे दोन्ही मापं जवळजवळ एकच आहेत, आणि शेतकऱ्याकडून काही वेगळं मागितलं जात नाही. शिवाय सरकीसह कापूस ओला साठवला तर तो तापतो, पिवळा पडतो, ओल्या कापसाचं जिनिंगही नीट होत नाही. तेव्हा वरची मर्यादा योग्यच आहे. फार कोरडा कापूसही जिनिंगमध्ये तुटतो, म्हणून काही जिनिंग कारखाने स्वतः कापसावर ओल सोडतात.

आमचं म्हणणं दुसऱ्या बाजूचं आहे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत शेतकरी जो कापूस आणतो, त्यात कित्येकदा 8 पेक्षा कमी पाणी असतं. समजा 6 टक्के. त्या क्विंटलमध्ये दोन किलो कापूस जास्त आहे. सूतगिरणी याच फरकासाठी लाखोंचं यंत्र बसवते, कारण तिला तो फरक फुकट द्यायचा नसतो. शेतकऱ्याला 8 च्या वर कपात असेल, तर 8 च्या खाली वाढही मिळायला हवी. त्यानेही तो फरक फुकट देता कामा नये. मीटर तोच, काटाही तोच.

आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे तिकडे माईक द्या. हां, काका, बोला... काका विचारतात, की कापसावर रात्री पाणी शिंपडून सकाळी केंद्रावर नेणारेही आहेत, त्यांचं काय? बरोबर आहे, आहेत. शिंपडलेलं पाणी वरच्या थरातच राहतं, आणि ग्रेडर मीटर गाडीच्या आत खोल घुसवतो. कोनाच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचवायला गिरणीला निर्वात टाकी का लागली, ते आपण आत्ताच पाहिलं. काका हसताहेत. पुढचा प्रश्न?

वेळ संपत आली म्हणून एकच घेतो. ताई विचारतात, की खड्ड्यात गोणपाट ठेवणारे ते चाचा अजून विणतात का. आम्ही मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. माग तसाच आहे, खड्डाही आहे. चाचा आता सकाळीच बसतात, दोन तास. गोणपाटाच्या जागी नातवाने एक कूलर आणून ठेवला आहे. हवा धाग्यावर थेट आली तर धागा हलतो, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलेलं असतं.

पुढच्या महिन्यात जालन्याच्या जिनिंग-प्रेसवर बोलू. नमस्कार.